मैल्याच्या गाळातून वीज: आधी प्राथमिक टाकी कुठे आहे ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या वेशीवर ५० एमएलडीचा, म्हणजे रोज पाच कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प होऊ घातला आहे. त्याचा अहवाल एका तरुण अभियंत्यांच्या टेबलावर आला आहे. प्रक्रिया एसबीआर पद्धतीची, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं. शेवटच्या प्रकरणात सल्लागारांनी लिहिलं आहे की गाळापासून बायोगॅस, बायोगॅसपासून एक मेगावॅट वीज आणि प्रकल्पाचं वीजबिल शून्य. हे कितपत खरं धरावं, आणि अहवालात काय बदलून मागावं, असं त्यांनी विचारलं आहे.

खरं धरू नका. पण म्हणून ते प्रकरण फाडूनही टाकू नका. गाळात वीज आहे, फक्त तुमच्या अहवालात ती ज्या वाटेने यायची ती वाट आधीच्याच प्रकरणात बंद केलेली आहे.

आधी आकडे मांडू. ज्या प्रकल्पात प्राथमिक क्लॅरिफायर, म्हणजे मैल्यातला गाळ नुसता खाली बसू देणारी प्राथमिक टाकी आहे आणि पुढे हवा देऊन जिवाणूंकडून घाण फस्त करवणारी नेहमीची ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत आहे, तिथे दर एमएलडीमागे रोज ढोबळमानाने २०० ते २५० किलो सुका गाळ निघतो. ५० एमएलडीला ११ टन धरू. आपल्याकडच्या गाळात जळणारा, म्हणजे सेंद्रिय भाग साठ-पासष्ट टक्के, बाकी माती. म्हणजे ७ टन. डायजेस्टर, म्हणजे गाळ हवाबंद ठेवून कुजवणारी टाकी, नीट चालला तर त्यातला ४५ टक्के भाग जिवाणू फस्त करतात, साधारण ३,१५० किलो. फस्त झालेल्या प्रत्येक किलोमागे ०.९ घनमीटर वायू धरला तर दिवसाला २,८०० घनमीटर. या वायूत मिथेन ६० ते ६५ टक्के असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. इंजिनाची कार्यक्षमता, बंद राहण्याचे तास, गॅस यंत्रणेची स्वतःची वीज हे सगळं वजा करून एका घनमीटरमागे दोन युनिट हातात पडतात असं मी धरतो. म्हणजे रोज ५,६०० युनिट. २४ तासांनी भागा, सरासरी २३५ किलोवॅट येते. अहवालातला एक मेगावॅट याच्या चौपटीहून जास्त आहे, आणि हे तुमच्या प्रकल्पात नसलेली प्राथमिक टाकी गृहीत धरून.

आता खर्चाची बाजू. अशा प्रकल्पाला एका एमएलडीला दोनशेच्या आसपास युनिट लागतात, त्यातला मोठा वाटा टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा. म्हणजे रोज १०,००० युनिट. सगळं सुरळीत चाललं तर गॅस निम्म्याहून थोडं जास्त बिल भरून काढतो. हे कमी नाही. कोणत्याही पालिकेच्या मलनिःसारण विभागाच्या खर्चात वीज ही सर्वांत बोचणारी रक्कम असते. पण शून्य नाही.

आणि तुमचा प्रकल्प एसबीआर आहे. अहवाल लिहिणाऱ्याने इथेच गफलत केली. एसबीआरमध्ये बहुतेक वेळा प्राथमिक टाकी ठेवतच नाहीत. नाल्यातून आलेला मैला चाळणी आणि वाळू-माती अडवणाऱ्या ग्रिट चेंबरमधून थेट हवेच्या टाकीत जातो आणि तिथे गाळाला पंधरा-वीस दिवस हवा मिळत राहते. वायू व्हायला जे सेंद्रिय द्रव्य हवं ते ब्लोअरची वीज खर्चून आपणच तिथे जाळून टाकतो. उरलेल्या गाळातून गॅस काढणं म्हणजे गुऱ्हाळातून निघालेली चिपाडं पुन्हा चरकात घालणं. काहीच निघत नाही असं नाही. वरच्या हिशेबाच्या तिसरा हिस्सा ते निम्मा गॅस मिळू शकतो. पण तेवढ्यासाठी डायजेस्टर, गॅस होल्डर (गॅस साठवणारी, वरखाली होणारी टाकी), सफाई यंत्रणा आणि इंजिन असा सगळा संसार मांडणं ५० एमएलडीला परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्राथमिक टाकी ही आपल्याकडे कमी लेखली गेलेली वस्तू आहे. तिला ना ब्लोअर लागतो ना महागडं सॉफ्टवेअर. संथ फिरणारा एक स्क्रॅपर आणि दोन तासांचा ठहराव, एवढ्यावर ती तरंगत्या घन पदार्थांपैकी निम्म्याहून जास्त आणि बीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचा, चौथा ते तिसरा हिस्सा खाली बसवते. हा गाळ ताजा असतो, म्हणून त्यातून गॅस भरपूर निघतो. शिवाय तेवढा भार ब्लोअरवरून उतरतो. म्हणजे वीज वाचते आणि वीज बनतेही. ऑस्ट्रियातल्या स्ट्रास गावचा सांडपाणी प्रकल्प स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज बनवतो म्हणून आमच्या क्षेत्रात नावाजलेला आहे. लोक त्यांच्या इंजिनांबद्दल बोलतात. खरी करामत पहिल्या टप्प्यात आहे: तिथे सेंद्रिय द्रव्य हवेत जळू न देता झटपट पकडून डायजेस्टरकडे पाठवतात.

मग एसबीआर एवढं का वापरतात? त्यालाही कारण आहे. शुद्ध केलेल्या पाण्याचे निकष कडक झालेत, बीओडी दहाच्या खाली मागतात, नायट्रोजन-फॉस्फरसही बघतात. नागपुरात तर या पाण्याला गिऱ्हाईक आहे. भांडेवाडीच्या प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं, आणि पेंचचं तेवढं पाणी शहरासाठी सुटतं. औष्णिक केंद्राच्या कूलिंग टॉवरला स्वच्छ पाणी लागतं, त्यात तडजोड नाही. एसबीआर कमी जागेत ते देते. तेव्हा कोणी एसबीआर निवडली तर मी नावं ठेवणार नाही. फक्त मग त्याच अहवालात मेगावॅटची स्वप्नं नकोत. दोन्ही हवं असेल तर एसबीआरच्या आधी प्राथमिक टाकी बसवता येते. पण मग नायट्रोजन काढायला लागणारं कार्बन कमी पडतं का, ते तपासावं लागतं, आणि तो हिशेब प्रत्येक ठिकाणच्या सांडपाण्यावर वेगळा येतो.

भारतात हे जमलेलं नाही असं समजू नका. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवरचा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद १८९७ सालची आहे. दिल्लीच्या ओखला प्रकल्पातून आसपासच्या वसाहतींना नळाने स्वयंपाकाचा गॅस जात असे. सुरत महापालिकेने आंजणा प्रकल्पावर २००३ मध्ये गॅस इंजिन लावलं. चेन्नईत कोडुंगैयूर, कोयंबेडू, नेसपाक्कम, पेरुंगुडी इथे या गॅसवर वीज होते. माटुंगा सोडलं तर या प्रकल्पांत एक सामाईक गोष्ट आढळेल: प्राथमिक टाकी, जाड केलेला गाळ आणि डायजेस्टर अशी जुनी, साधी रांग.

आता नागपूरबद्दल. तुमच्या अहवालातले आकडे पुस्तकातले आहेत, आणि पुस्तकात नाग नदी नसते. आपल्याकडे घरोघरच्या गटाराचं जाळं अपुरं असल्याने बराचसा मैला नाल्यांमधून अडवून प्रकल्पाकडे वळवला जातो. नाल्याबरोबर येतं काय? पावसाचं पाणी, रस्त्यावरची माती, बांधकामाची वाळू, प्लॅस्टिक. शिवाय अनेक वस्त्यांत मैला आधी सेप्टिक टाकीत मुरतो, त्याचा जोर तिथेच निम्मा होतो. मग प्रकल्पावर पोहोचणारा मैला पातळ आणि मातकट असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर काळी माती इतकी येते की गाळाचं वजन वाढतं आणि गॅस घटतो. ऑपरेटर चक्रावतो, गाळ तर भरपूर चाललाय, मग होल्डर का वर येत नाही? कारण तो गाळ खाण्याजोगा नाही. ही माती डायजेस्टरच्या तळाशी साचत जाते. काही वर्षांनी ६,००० घनमीटरच्या टाकीत कामाची जागा ४,००० उरते आणि गाळ पुरेसे दिवस न थांबता बाहेर पडतो. म्हणून ग्रिट चेंबरवर कंजुषी केलेली दिसली तर मी पुढचा अहवाल वाचतच नाही.

हवामानाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण अहवालांत तो हमखास राहतो. मिथेन करणारे जिवाणू ३५ ते ३७ अंशांवर खुलतात, आणि त्यांना अंशा-दोन अंशांपेक्षा जास्त चढउतार सोसत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, गाळ मुळातच तिशीच्या पुढे असतो, तेव्हा तापवायला फारसं काही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि गाळ २० अंशांवर येतो. त्याला ३६ वर न्यायचं तर उष्णता लागते, ती इंजिनाच्या जॅकेटच्या पाण्यातून आणि धुरातून मिळते. पुरते का? तुमचा ११ टन गाळ थिकनरमध्ये नीट जाड करून ४ टक्के घनतेने आला तर रोज २७५ घनमीटर तापवायचा, त्याला साधारण ५,००० किलोवॅट-तास उष्णता लागते. इंजिनाकडून ७,००० च्या आसपास मिळू शकते. टाकीच्या भिंतींतून जाणारी वजा केली तरी जमतं. तोच गाळ थिकनर बिघडल्यामुळे २ टक्क्यांवर आला तर ५५० घनमीटर पाणीच तापवायचं, लागते १०,०००. मग डायजेस्टर ३० अंशांवर घसरतो, गॅस उतरतो, गॅस उतरला की उष्णता आणखी कमी. जानेवारीत बंद पडलेले डायजेस्टर बहुतेक वेळा थंडीने नाही, पातळ गाळाने बंद पडलेले असतात.

उन्हाळ्याची उलटी तऱ्हा. जिवाणू खूश असतात पण इंजिन कुरकुरतं. रेडिएटर ४० अंशांच्या हवेसाठी निवडला असेल तर ४५ ला इंजिन पूर्ण भार घेत नाही, दुपारी ट्रिप होतं. निविदेत तापमान नागपूरचं लिहा, उत्पादकाच्या कॅटलॉगमधलं नको. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन ठेवणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

इंजिनाचा खरा शत्रू मात्र ऊन नाही, हायड्रोजन सल्फाइड आहे. मैल्याच्या गॅसमध्ये तो काहीशे ते दोन-तीन हजार पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतो. जळला की आम्ल होतं, तेल खराब होतं, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह खातो. इंजिनवाले तो दोनशे-पाचशेच्या खाली मागतात. गाळातच फेरिक क्लोराइड टाकणं, जैविक स्क्रबर (गॅस धुणारा टॉवर), लोहाचं माध्यम भरलेले टॉवर, असे मार्ग आहेत. मला स्क्रबर आणि शेवटी कार्बन फिल्टर ही जोडी भरवशाची वाटते. कार्बन फिल्टरचा आणखी एक फायदा: शाम्पू, क्रीम यांमधून आलेली सिलोक्सेन नावाची द्रव्यं तो धरतो. ती धरली नाहीत तर ज्वलनात त्यांची वाळू होते आणि पिस्टनवर, स्पार्क प्लगवर पांढरा थर बसतो. तिसरा त्रास ओलाव्याचा. गॅस डायजेस्टरमधून निघतो तो बाष्पाने भरलेला असतो, गार झाला की पाइपात पाणी साचतं. ड्रिप ट्रॅप रोज उघडून पाणी काढायचं हे इतकं क्षुल्लक काम आहे की ते कोणीच करत नाही, आणि मग गॅसचा दाब हेलकावे खातो म्हणून इंजिनवाल्या कंपनीला फोन जातो.

ही सफाई वर्षानुवर्षे चालवायची असते. गॅस इंजिनाचे प्रकल्प उद्घाटनानंतर दोन-तीन वर्षांनी थंडावतात, त्यामागे विज्ञान क्वचितच असतं. स्पेअर वेळेवर आले नाहीत, स्क्रबरचं माध्यम बदलायची फाइल अडली, गॅस मग फ्लेअरवर, म्हणजे जादा गॅस जाळायच्या ज्योतीवर, जळत राहिला. फ्लेअर पेटता असेल तर निदान मिथेन तरी जळतो. तो तसाच सुटला तर शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो, मग अक्षय ऊर्जेचं सगळं पुण्य वाया. गळका घुमट असलेल्या प्रकल्पापेक्षा डायजेस्टरच नसलेला प्रकल्प बरा.

जिवाणूंची तब्येत कशी कळते, असं तुम्ही पुढे विचाराल. सामू (पीएच) बघून नाही. सामू ६.८ च्या खाली गेला तोवर उशीर झालेला असतो. रोज सकाळी बाष्पशील आम्लं आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची ताकद) तपासा, दोघांचं गुणोत्तर ०.३ च्या आत ठेवा. ०.४ कडे सरकलं की त्याच दिवशी गाळ घालणं कमी करा. यासाठी प्रकल्पावर चालती प्रयोगशाळा आणि रोज येणारा केमिस्ट हवा. सुरुवात करताना चालू डायजेस्टरचा गाळ मिळाला तर उत्तम, नाहीतर शेण; आणि दोन-तीन महिने हळूहळू भार वाढवायची तयारी ठेवा.

नागपूरला एक संधी आहे ती बाहेरून सेंद्रिय माल आणण्याची. डायजेस्टरमध्ये जागा असेल तर हॉटेलांचं उरलंसुरलं, भाजीबाजारातला टाकाऊ माल मिसळून गॅस बराच वाढवता येतो. तेल आणि चरबीतून तर सर्वांत जास्त. सावजी भोजनालयांच्या ग्रीस ट्रॅपमध्ये जमणारी तर्री हे आमच्या दृष्टीने इंधनच, मात्र थोडी थोडी, रोज सारखी घालायची. एकदम ओतली तर फेस येतो आणि डायजेस्टर आजारी पडतो. दुसरी सूचना संत्र्याबद्दल. कळमना बाजारातली सडकी संत्री फुकट मिळतील म्हणून कोणी ना कोणी सुचवतंच. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते मिथेन करणाऱ्या जिवाणूंना घातक आहे. ट्रॉलीभर साली थेट घातल्या तर हंगामभर गॅसची वाट पाहत बसाल. कमी प्रमाणात, इतर मालात मिसळून, आधी प्रयोगशाळेत चाचणी करून, एवढ्याच अटींवर संत्रं. ओला कचरा आणायचा तर प्लॅस्टिक-काच वेगळी करणारी यंत्रणाही लागते, तिचा खर्च सुरुवातीच्या अहवालात कधीच नसतो.

गॅस शुद्ध करून वाहनांसाठी सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) म्हणून विकावा का, हाही विचार लोक करतात. २०१८ मध्ये केंद्राची 'सतत' (SATAT) नावाची सीबीजी योजना आल्यापासून जरा जास्तच. भारतीय मानकाप्रमाणे त्यात मिथेन किमान ९० टक्के हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढायची यंत्रणा, कॉम्प्रेसर, सिलिंडर, वाहतूक, परवाने. तुमच्या २,८०० घनमीटरमधून दिवसाला सव्वा टनाच्या आत माल निघेल. मोठ्या प्रकल्पाला हे शोभतं. तुम्हाला गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं आहे: तुमचेच ब्लोअर, चोवीस तास चालणारे. वीज आवारातच वापरा. महावितरणशी समांतर जोडणीचे नियम आणि संरक्षण रिले मात्र नीट करून घ्या. आणि बिलातला डिमांड चार्ज (कमाल भारावरचा आकार) गॅसमुळे फारसा उतरणार नाही हे हिशेबात धरा, कारण इंजिन ट्रिप झालं की पूर्ण भार ग्रिडवरच येणार.

सुरक्षेवर दोनच गोष्टी, पण त्यांत सवलत नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की भडकतो, म्हणून ज्योत अडवणारे फ्लेम अरेस्टर, दाब सोडणारे आणि निर्वात तोडणारे व्हॉल्व्ह नियमित साफ व्हायला हवेत. गाळ झपाट्याने उपसला आणि वरून गॅस परत आला नाही तर निर्वातामुळे छत आत बसतं. दुसरं, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नाही. शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत, खड्ड्यात, व्हॉल्व्ह चेंबरमध्ये मीटर, श्वसनयंत्र आणि बाहेर उभा माणूस नसताना कोणालाही उतरवू नका, ठेकेदाराचा माणूस असला तरी.

आता अहवालात काय बदलून मागायचं. जानेवारी, मे आणि ऑगस्ट अशा तीन काळांत नाल्यातल्या सांडपाण्याचे २४ तासांचे मिश्र नमुने घ्यायला सांगा, आणि त्यात बीओडीबरोबर तरंगते घन पदार्थ व त्यांतला सेंद्रिय भाग वेगळा मागा. त्या गाळातून प्रत्यक्ष किती मिथेन निघतो याची प्रयोगशाळेतली चाचणी करा. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था जिथे १९५८ पासून आहे त्या शहरात पुस्तकातले आकडे वापरायला काही सबब नाही. मग सल्लागारांना दोन आराखडे मांडायला सांगा: एक प्राथमिक टाकी आणि डायजेस्टरसह, दुसरा निव्वळ एसबीआरचा, ज्यात गाळ वाळवून विल्हेवाट लावण्याचा खर्च धरलेला असेल. दोन्हींत पंधरा वर्षांची वीज, रसायनं, स्पेअर आणि माणसं मोजा. गाळ कमी झाल्याने वाचणारी वाहतूकही गॅसच्या बाजूने लिहा. बऱ्याचदा ती विजेइतकीच महत्त्वाची ठरते. तुलनेत गॅस हरला तर ५० एमएलडीला डायजेस्टर नको, छतांवर आणि मोकळ्या जागेत सौर पॅनेल घाला.

गॅस जिंकला तर निविदेत ठेकेदाराला पैसे बसवलेल्या किलोवॅटवर देऊ नका. गॅस लाइनवर मीटर आणि मिथेन विश्लेषक बसवा, फ्लेअरकडे जाणाऱ्या लाइनवर वेगळा मीटर बसवा, आणि देयक महिन्याला ब्लोअरच्या पॅनेलवर प्रत्यक्ष पोहोचलेल्या युनिटवर ठेवा. फ्लेअरच्या मीटरचा आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर त्या महिन्याच्या देयकातून कपात, हे कलम कोणी काढायला सांगितलं तरी काढू नका.